गणितात ९३८, निबंधाला ४

प्रश्न: मी मूळची सातारा भागातली, सध्या डॅलसजवळ अर्व्हिंगला राहते. लग्नानंतर एस.वाय.बी.कॉम. अर्धवट राहिलं. आता वय ४१. मुलगी मोठी झाली म्हणून इथल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीसाठी नाव घातलं. त्यांनी 'टीएसआय'ची परीक्षा द्यायला लावली. इंग्रजीत ९४८ आले, पण निबंधाला ४. गणितात ९३८, आणि त्याला जोडून जो लांबलचक भाग आला त्यात लेव्हल ४. आता पोर्टलवर होल्ड दिसतो आणि रजिस्ट्रेशन होत नाही. मिस्टर म्हणतात सगळी परीक्षा पुन्हा दे. नणंद म्हणते तुझा आयईएल्टीएसचा स्कोअर दाखव, काम होईल. ॲडव्हायझरबाई 'को-रेक घ्या' म्हणाल्या, ते नीटसं कळलं नाही. सेमिस्टरला नऊ आठवडे आहेत. बारावीला गणितात ७१ होते हो मला, त्यामुळे जास्तच लागलं. मुलगी अकरावीत आहे, तिलाही हे द्यावं लागेल का?

उत्तर: सगळी परीक्षा पुन्हा द्यायची अजिबात गरज नाही. तुमची अडचण दोन वेगवेगळ्या जागी आहे आणि दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. निबंधाचं काम तीन-चार आठवड्यांत उरकेल. गणिताचं मात्र, तुमच्या डिग्रीला नेमका कुठला गणिताचा कोर्स लागतो ते पाहूनच ठरवा.

आधी ते आकडे वाचू. टीएसआय म्हणजे टेक्सस सक्सेस इनिशिएटिव्ह. राज्यातल्या सरकारी कॉलेजांत आणि विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला विद्यार्थी तयार आहे की नाही, हे तपासण्याचा हा राज्याचा नियम. १९८९ पासून इथे अशी परीक्षा आहे. तेव्हा तिला 'टास्प' म्हणत, म्हणून जुनी मंडळी अजून तेच नाव घेतात. आताची परीक्षा जानेवारी २०२१ पासूनची, टीएसआयए-२. ही प्रवेश परीक्षा नव्हे. तिच्या निकालावरून प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा तुमचा प्रवेश शाबूत आहे. फक्त कुठल्या कोर्सला थेट बसता येईल, एवढंच तिच्यावरून ठरतं.

इंग्रजीची अट दुहेरी आहे: वस्तुनिष्ठ प्रश्नांत किमान ९४५ आणि निबंधाला किमान ५. ९४५ पेक्षा कमी आले तर पुढचा निदान-भाग, म्हणजे कुठे कच्चे आहात ते शोधणारा जादा प्रश्नांचा भाग, येतो, आणि त्यात लेव्हल ५ व निबंधाला ५ असले तरी चालतं. तुमचे ९४८ आहेत, म्हणजे तो भाग झाला. घोडं अडलंय ते निबंधाच्या एका गुणावर. गणितात ९५० लागतात, किंवा ९५० च्या खाली असाल तर निदान-भागात लेव्हल ६. तुमचे ९३८ आणि लेव्हल ४ आहेत, तेव्हा तिथे मात्र अट पुरी होत नाही. स्कोअरची पट्टी ९१० ते ९९० अशी ऐंशी गुणांचीच आहे, म्हणून १२ गुणांचा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही.

नणंदबाईंचा सल्ला सोडून द्या. आयईएल्टीएस किंवा टोफेल प्रवेशासाठी इंग्रजी येतं हे दाखवायला असतात. टीएसआयमधून सूट देणाऱ्या परीक्षांत ते नाहीत. एफ.वाय.च्या मार्कांचा उपयोग होईल का, हे विचारायला हरकत नाही. त्यासाठी भारतातल्या मार्कशीटचं कोर्सवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि ते मानायचं की नाही हे कॉलेज ठरवतं. पण त्यात पैसे आणि आठवडे जातात. एका गुणासाठी हा द्राविडी प्राणायाम नको.

निबंध

टेस्टिंग सेंटरला वेळ घेताना स्पष्ट सांगा: 'फक्त निबंध पुन्हा द्यायचा आहे.' सांगितलं नाही तर कधीकधी पूर्ण इंग्रजीचा संच नोंदला जातो आणि हातात असलेल्या ९४८ साठी पुन्हा घाम गाळत बसावं लागतं. पुन्हा बसायला राज्याच्या नियमात बंदी नाही. दोन प्रयत्नांत किती दिवसांचं अंतर आणि फी किती, हे त्या-त्या सेंटरवर अवलंबून. मिळालेले गुण पाच वर्षं चालतात.

निबंध ३०० ते ६०० शब्दांचा, संगणकावर टाइप करायचा. एक छोटा उतारा आणि त्यावर एक प्रश्न येतो. तुम्ही बाजू घेऊन ती पटवून द्यायची. स्पेलचेक नसतो. गुण १ ते ८, आणि ते संगणकच देतो. तो सहा गोष्टी पाहतो: मुद्दा ठाम आहे का, मांडणी, मुद्द्यांना आधार, वाक्यांतलं वैविध्य, शुद्धलेखन-व्याकरण, आणि विचारातली खोली.

आपल्याकडे शिकलेल्यांचा निबंध बहुधा ४ वर का अडकतो? आपल्याला शाळेत निबंध शिकवला तो फुलवायला. सुरुवातीला सुविचार, मग 'आजच्या युगात', मग नाण्याच्या दोन बाजू, आणि शेवटी 'थोडं हेही, थोडं तेही'. इथे हे सगळं उलटं पडतं. समजा विषय आला, 'कॉलेजात हजेरी सक्तीची असावी का?' चार गुणांचा परिच्छेद असा असतो: 'हजेरीमुळे शिस्त लागते. शिस्त जीवनात महत्त्वाची आहे. वेळेचंही महत्त्व कळतं. तसंच मित्र मिळतात.' चार वाक्यांत चार मुद्दे, आणि एकालाही आधार नाही. तोच परिच्छेद सहाकडे न्यायचा असेल तर एकच मुद्दा धरा: 'सक्तीची हजेरी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय करते. रात्रपाळी करून सकाळी आठच्या वर्गाला दोनदा उशीर झाला, तर त्याने सगळ्या चाचण्या पास केल्या असल्या तरी त्याचा ग्रेड खाली येतो. म्हणजे गुण अभ्यासाला मिळत नाहीत, मोकळ्या वेळाला मिळतात.' विधान, त्याचं एक ठोस उदाहरण, आणि त्या उदाहरणातून काय सिद्ध होतं ते. तिसरं वाक्य आपण हमखास गाळतो, आणि 'आधार' व 'विचार' हे दोन्ही निकष त्याच वाक्यावर उभे असतात.

एकूण चारशे ते साडेचारशे शब्द धरा. तीनशेच्या काठावर थांबू नका. तेवढ्यात दोन मुद्देसुद्धा नीट उभे राहत नाहीत. पहिल्या परिच्छेदातच बाजू सांगून टाका. मग दोन परिच्छेद दोन कारणांचे, चौथ्यात समोरच्याचा सर्वांत भक्कम आक्षेप आणि त्याला उत्तर, मग दोन-तीन वाक्यांत शेवट. विषय सोडून लिहिलं तर शून्य मिळू शकतं, तेव्हा उताऱ्याखालचा प्रश्न दोनदा वाचा. उतारा नुसता प्रस्तावनेसाठी असतो, उत्तर त्या प्रश्नाचं द्यायचं.

व्याकरणात मराठी माणूस चार ठिकाणी घसरतो. 'अ' आणि 'द' ही उपपदं गळतात. 'वन ऑफ माय फ्रेंड' असं लिहिलं जातं, 'फ्रेंड्स' हवं. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येतं, ते नको. आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं. मराठीत ते खपून जातं. इंग्रजीत ती चूक धरली जाते, आणि एकदा सवय लागली की निबंधात दहा वेळा होते. तपासताना प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबा: दोन्ही बाजूंना कर्ता आणि क्रियापद आहे का? असेल तर पूर्णविराम टाका, नाहीतर जोडशब्द.

वेळेचं बंधन नाही, पण सेंटर बंद व्हायची वेळ असते. म्हणून सकाळची वेळ घ्या. दहा मिनिटं कच्च्या कागदावर आराखडा, पाऊण तास टायपिंग, शेवटची वीस मिनिटं वाचनाला. आठवड्याला तीन याप्रमाणे तीन आठवडे घरी लिहा, आणि वर्ड किंवा फोनवर नको, स्पेलचेक बंद केलेल्या नोटपॅडमध्ये. आपण रोज किती लाल रेघांच्या भरवशावर लिहितो, ते पहिल्याच दिवशी कळतं.

गणित

बारावीचे ७१ मनातून काढा. तेव्हा गणित पद्धतीवर होतं: सूत्र ओळखा, पायऱ्या लिहा, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण घ्या. इथे पायऱ्यांना गुण नाहीत. शिवाय वीस वर्षं हात लागलेला नाही.

पहिल्या भागात वीसच प्रश्न असतात: आकडेमोड व प्रमाणाचे ६, बीजगणिताचे ७, भूमितीचे ३, संभाव्यता व सांख्यिकीचे ४. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड येणार हे ठरतं. मागे जाता येत नाही आणि प्रश्न सोडूनही देता येत नाही. सुरुवातीचे प्रश्न 'नंतर बघू' म्हणून घाईने टिचकवले की महागात पडतं. ९५० च्या खाली राहिलात की लगेच ४८ प्रश्नांचा निदान-भाग सुरू होतो, प्रत्येक विषयाचे बारा. दमलेली माणसं तिथे अंदाजाने टिकमार्क करत सुटतात. तसं करू नका. लेव्हल ६ चा दरवाजा तिथेच आहे. आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. ज्या प्रश्नाला परवानगी आहे त्याच्याजवळ पडद्यावर चिन्ह दिसतं, बाकीचे कागदावर.

चुका कुठे होतात ते चार नमुन्यांत बघा.

'२० टक्के सूट मिळून वस्तू ६० डॉलरला पडली, मूळ किंमत किती?' घाईत माणूस ६० वर २० टक्के चढवून ७२ लिहितो. ६० ही मूळ किमतीच्या ८० टक्के आहे, म्हणून ६० भागिले ०.८, उत्तर ७५. आणि ७२ हा पर्याय यादीत असणारच. चुकीची उत्तरं अशा नेहमीच्या घसरणींवरूनच बनवलेली असतात.

'टाकीत ३ मिनिटांनी ४१ लिटर पाणी होतं, ७ मिनिटांनी ६९. ठरावीक वेगाने भरते, तर सूत्र कुठलं?' ४ मिनिटांत २८ लिटर वाढले, म्हणजे मिनिटाला ७. तीन मिनिटांत २१ आले, पण पाणी ४१ आहे, म्हणजे सुरुवातीला टाकीत २० होतेच. सूत्र: ७ गुणिले मिनिटं, अधिक २०. बहुतेकांचा वेग बरोबर निघतो आणि सुरुवातीचे २० विसरतात.

'१२ फूट बाय १५ फूट खोलीला किती चौरस यार्ड गालिचा?' १८० चौरस फूट. यार्डात ३ फूट म्हणून ३ ने भागलं की ६० येतात, ते चूक. चौरस यार्डात ९ चौरस फूट, उत्तर २०. मेट्रिकमध्ये वाढलेल्यांनी फूट, यार्ड, गॅलन, मैल यांचा एक तक्ता फ्रिजवर चिकटवावा.

आणि तक्त्यावरची संभाव्यता: २०० विद्यार्थी, त्यांतले ८० संध्याकाळच्या वर्गाचे, नोकरी करणारे एकूण १२०, दोन्हींत असणारे ६०. 'संध्याकाळच्यांपैकी नोकरी करणारा' म्हणजे ६० भागिले ८०. 'नोकरी करणाऱ्यांपैकी संध्याकाळचा' म्हणजे ६० भागिले १२०. 'कुठलाही एक विद्यार्थी दोन्हींत असणं' म्हणजे ६० भागिले २००. इथे गणित कमी आणि वाचन जास्त आहे: '-पैकी'च्या आधी जो गट आलाय तो छेदात.

सराव फुकट आहे. परीक्षा बनवणाऱ्या कॉलेज बोर्डाचे टीएसआयए-२ चे अधिकृत सराव संच ऑनलाइन मिळतात. वहीत फक्त चुकलेले प्रश्न लिहा, आणि शेजारी एका ओळीत 'का चुकलं'.

आता ॲडव्हायझरबाईंचं 'को-रेक'. म्हणजे को-रिक्विझिट: डिग्रीचा खरा गणिताचा कोर्स आणि त्याला जोडून आधार देणारा वर्ग, दोन्ही एकाच सेमिस्टरला. पूर्वी आधी वर्ष-दीड वर्ष पायाभूत कोर्स करावे लागत आणि त्यातच माणसं कंटाळून निघून जात. २०१७ च्या कायद्यानंतर ती पद्धत मोडीत निघत गेली. मुख्य कोर्समध्ये सी किंवा त्यावरचा ग्रेड आला की गणिताची टीएसआय अट तिथेच फिटते, पुन्हा परीक्षा नाही. तोटा एवढाच की आधार-वर्गाची फी द्यावी लागते, आणि त्याचे तास डिग्रीच्या ६० क्रेडिटमध्ये धरत नाहीत.

पण सही करण्याआधी कोर्सचा नंबर बघा. इथेच लोक पस्तावतात. टेक्ससच्या कॉलेजांत कोर्सना सामाईक नंबर असतात. त्यातला दुसरा आकडा क्रेडिटचा. अकाउंटिंग करून पुढे विद्यापीठात बी.बी.ए. करायचं असेल तर सहसा १३२४ लागतो, म्हणजे व्यापार व सामाजिक शास्त्रांसाठीचं गणित. कुठे १३१४ कॉलेज अल्जिब्रा मागतात. १३३२ (कंटेम्पररी मॅथ) सोपा आहे म्हणून पुष्कळदा सुचवला जातो. तो टीएसआयची अट फेडेल, कॉलेजच्या कोअरमध्येही (सगळ्यांना सक्तीच्या विषयांत) बसेल, पण बिझनेसच्या पदवीला तो चालत नाही, आणि मग गणित दुसऱ्यांदा. तेव्हा ॲडव्हायझरना विचारा: 'हा को-रेक कुठल्या कोर्सला जोडलेला आहे?' आणि ज्या विद्यापीठात पुढे जायचा विचार आहे त्याच्या पानावर तोच नंबर आहे का, ते स्वतः पडताळा.

अकाउंटिंगच्या कोर्सचंही तसंच आहे. 'एसीएनटी'ने सुरू होणारे कोर्स नोकरीच्या दृष्टीने आखलेले. 'एसीसीटी २३०१' हा विद्यापीठात ट्रान्सफर होणारा. आधी हिशेबनीस म्हणून नोकरी धरायची आणि डिग्री नंतर बघू, असं असेल तर ४२ क्रेडिटपर्यंतच्या लेव्हल-वन सर्टिफिकेटला टीएसआय लागतच नाही. ती वाट कमी प्रतीची नाही. मात्र नंतर डिग्रीकडे वळलात की ही अट पुन्हा दारात येईल, आणि एसीएनटीचे कोर्स बरोबर येतीलच असं नाही.

तुमच्या जागी आम्ही असं करू: पहिले तीन आठवडे निबंध, चौथ्यात परीक्षा. त्यालाच समांतर रोज चाळीस मिनिटं गणित. सहाव्या आठवड्यात घरी अधिकृत सराव संच सोडवायचा. वीसपैकी पंधरा-सोळा बिनचूक येत असतील तर गणित पुन्हा द्या, नाहीतर १३२४ चा को-रेक घ्या. को-रेकच्या जागा लवकर भरतात, म्हणून जागा आजच धरून ठेवा. पास झालात तर साधा वर्ग घेता येतो. निबंधाचा निकाल बहुधा लगेच मिळतो. तो ५ आला की इंग्रजीचा होल्ड निघतो आणि १३०१ कंपोझिशन, इतिहास, गव्हर्नमेंट हे कोर्स उघडतात. कोअरमध्ये इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ क्रेडिट असतात, म्हणजे गणित लांबलं तरी पहिलं सेमिस्टर रिकामं जात नाही.

जाताना फोटो ओळखपत्र न्या, आणि त्यावरचं नाव कॉलेजच्या नोंदीशी अक्षरशः जुळतंय ना ते आधी पाहा. आपल्याकडे मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधे वडिलांचं की नवऱ्याचं हा गोंधळ ठरलेला. नाव वेगळं पडलं की गुण दुसऱ्याच नोंदीवर जाऊन बसतात आणि होल्ड तसाच राहतो. दुसऱ्या कॉलेजच्या सेंटरवर परीक्षा दिलीत तर निकाल आपोआप येईल असं धरू नका. तो पाठवायला सांगावा लागतो. चार दिवसांत होल्ड निघाला नाही तर निकालाचा कागद घेऊन समक्ष जा.

मुलीचं: तिने टेक्ससमधल्या सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात जायचं ठरवलं तर नियम तिलाही लागू आहे, पण तिच्यापुढे सूट मिळवायच्या वाटा जास्त आहेत. एसएटी आणि एसीटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षा. एसएटीमध्ये वाचन-लेखनात ४८० असतील तर इंग्रजीतून सूट, गणितात ५३० असतील तर गणितातून. एसीटी द्यायची असेल तर इंग्रजी आणि रीडिंग मिळून ४०, गणितात २२. हे गुणही पाच वर्षं चालतात. तिची शाळा 'कॉलेज प्रेप'चा वर्ग देत असेल आणि तो तिने पास केला तर तीही सूट आहे, पण ती मर्यादित मुदतीची असते आणि शाळेशी करार असलेल्या कॉलेजांतच चालते. शाळेत असतानाच ड्युअल क्रेडिट, म्हणजे शाळेबरोबर कॉलेजचंही क्रेडिट देणारे कोर्स, घ्यायचे असतील तर मात्र आताच समुपदेशकाशी बोला, कारण तिथे ही अट कॉलेजची वाट न बघता अकरावीतच लागते.